पाचशेच्या पुढच्या

नंदुरबारला फाल्गुनात जमीन दिसत नाही.
बायपासच्या दोन्ही अंगांना पथारी, लालभडक.
ऑफिसची खिडकी लावून घेतली तरी
फाईल उघडताना ठसका लागतो.

रसिकशेठ म्हणाले होते, कोड-बिड नको आपल्याला,
चौकोन ओढायचे, जोडायचे, झालं ॲप.
झालंही. तीन रात्रींत.
तीस ओळी घालून तपासलं,
बेरीज पैशापर्यंत बरोबर.
शेठनी पेढा दिला. अर्धा.

ऐंशी बाया मिरचीचे देठ खुडतात.
रोज एकीची एक ओळ : नाव, किलो, दर.
आठवड्याच्या सहा दिवसांच्या चारशे ऐंशी.
हिवाळा असाच गेला, वीस ओळी अलीकडून,
आणि मला ठाऊकच नव्हतं
की मी विहिरीच्या काठाने चालतोय.

भोंगऱ्या बाजाराच्या तोंडावर माल तुंबला.
शेठ म्हणाले, रविवारीही बोलवा.
सात गुणिले ऐंशी, पाचशे साठ.
ॲपने पाचशे उचलल्या, बेरीज केली
आणि हिरवी खूण दाखवली.

सरळ चुकलं असतं तर बरं होतं.
तांबडी चौकट येते, माणूस थांबतो.
हे चुकलं नाही. हे थोडं कमी बोललं,
आणि कमी बोलणाऱ्यावर
आपला लगेच विश्वास बसतो.

यादी आडनावांनी लावलेली. मीच लावली, सोयीसाठी.
गावित आल्या, नाईक आल्या, पाडवी, पावरा,
‘व’ येईतो टोपली भरली.
आठ वसावे कोऱ्या राहिल्या
आणि सेमली वळवीच्या हातावर
सात दिवसांचे तीन पडले.

ती कागदाकडे बघत नव्हती.
बोटं पुढे केली, टोकं सोललेली.
‘भो, सात रात मन्हा हात ताकमा व्हतात.’
शेजारणीकडून आणलेले सात पेले,
एकेक आठवतो तिला. अजून फेडायचेत.

रात्री सूत्र उघडलं.
कोपऱ्यात पिवळा त्रिकोण, पहिल्या दिवसापासूनचा,
गतिरोधकाच्या आधी असतो तसला,
आणि तसाच न बघितलेला.

म्हणजे झालं होतं असं :
पथारीवर एकूण माल किती, एवढंच हवं होतं.
मी हमालाला म्हणालो, सगळी पोती इथे आण, मी मोजतो.
त्याने पाचशे आणली आणि बिडी पेटवली.
बाकीची आहेत का,
हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

धुळ्याहून यज्ञेश खैरनार फोनवर म्हणाला,
सेटिंगमध्ये जा, दोन हजार कर, झोप.
केलं. झोप नाही आली.
दोन हजार एकावी कोण असेल
ते मला आडनावासकट दिसत होतं.

मग पहाटेपर्यंत उलटं काम :
पोती नाही आणायची, प्रश्न पथारीवर पाठवायचा.
ओळी जिथे राहतात तिथेच त्यांची बेरीज होऊ दे,
तारखेला तिथेच सूची बांधू दे,
माझ्या फोनवर फक्त ऐंशी उत्तरं यावीत.
आणि खाली एक आगाऊ ओळ घातली :
आलेल्या किती, असलेल्या किती.
दोन आकडे जुळेनात तर पगाराचं बटण दबणार नाही.
शेठना हे आवडलेलं नाही.

सकाळी नऊजणींना रोख दिलं.
आठजणी बाजाराला पळाल्या.
सेमलीने नोटा पदरात बांधल्या, उठली,
दारापर्यंत गेली, वळली.

‘दिवाईले बी रविवार करा व्हता ना आम्ही?’

दिवाळीचा आठवडा उघडतोय.
पडद्यावर ठिपके गोल फिरताहेत.
ती उंबऱ्यावर उभी आहे,
हात पदराआड,
आणि मला परत ठसका लागलाय.