छाट

अशोक चौकाच्या मागे, पत्र्याच्या खोलीत
एप्रिलची दुपार.
खिडकीला ओला टॉवेल, सेकंडचा, काठ वाकडा गेलेला.
पंख्यापुढे लॅपटॉप, पंख्यामागे आई.
काम: विडी कारखान्याचं मजुरीचं सॉफ्टवेअर.
मुदत: सोमवार.

मी मराठीतच लिहिलं त्याला, उकाड्यात इंग्रजी सुचेना:
हजार विड्यांमागे दर अमुक,
चेकरनं काढलेली छाट वजा कर,
उरतील त्यांचे पैसे काढ.
पाणी पिऊन ग्लास खाली ठेवेपर्यंत
साठ ओळी वळून ठेवल्या होत्या त्यानं,
एकसारख्या, तोंडं नीट मिटलेली,
शेवटी दोरा आवळावा तसा कंस.

आई म्हणाली, हात बसलाय की गं ह्याचा.
मग म्हणाली, हजार ओळींमागे काय घेतो?
महिन्याचं ठरलंय, कितीही वळू दे.
पानं कोण देतं?
पानं जगभरची. कुणाकुणाची, ते विचारू नको.
आणि छाट?
छाट मी काढायची.
आई हसली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा
आमच्या घरातलं कुणी चेकर झालं होतं.

मग बसलेच चेकरसारखी,
एकेक ओळ दोन बोटांत धरून दाबून बघत.
सदतिसाव्या ओळीत पैसे खाली गोल केलेले,
एकशे बारा सत्तरचे नुसते एकशे बारा.
काढली.
एक्केचाळिसाव्या ओळीत छाटीला त्यानं नाव दिलेलं
वेस्ट.
तिथं बोट थांबलं.

वेस्ट कशी असेल?
छाट चेकरच्या टेबलाखालच्या टोपलीत जायची,
टोपली आतल्या खोलीत,
आणि आतल्या खोलीतून, दुसरं लेबल लावून, बाजारात.
पैसे नऊशे चाळीसचे,
साठ विड्या अंबव्वा येमुलकडून फुकट.
हे कुठं लिहिलेलं नाही.
जे लिहिलेलं नाही ते त्याला कोण सांगणार.

मी सांगितलं.
तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे.

आईला वाचून दाखवलं.
ती काही बोलली नाही, बोटं तेवढी
मांडीवर सूप नसताना चालत राहिली.
खिडकीशी हजार घेऊन उभी राहायची ती,
आधी पोटात मी, मग काखेत मी,
ह्या तीन शब्दांसाठी.
आणि आले ते अर्ध्या सेकंदात,
ज्याला खिडकी नाही, टोपली नाही,
असल्या कुणाकडून तरी.

त्यानं पुढं विचारलं, छाट कुणाच्या खात्यात टाकू?
जिची तिच्या, म्हटलं.
झाला एक नवा रकाना: परत दिलेली छाट.

सोमवारी मालकाच्या पुतण्याचा फोन.
हे कुणी सांगितलं घालायला? काढा ते.
मी त्याला लिहिलं, रकाना नको म्हणतायत.
तुमचं बरोबर आहे, म्हणाला. काढला.
तेवढ्याच वेळात, तेवढ्याच गोडीनं.
मला राग आला. कुणाचा, ते नीट कळेना.
बिलाचा दुसरा हप्ता यायचा होता अजून.

रात्री, फाईल देण्याआधी,
दोन तिरक्या रेघा मारल्या
आणि एक्केचाळिसाव्या ओळीच्या डोक्यावर लिहिलं:
छाट फेकत नाहीत, विकतात.
तिरक्या रेघांपुढचं मशीन वाचत नाही,
ओलांडून जातं.
मजुरी होती तेवढीच निघेल.
पण पुढंमागं दुसरी कुणी पोरगी ही फाईल उघडेल,
ह्यालाच घेऊन बसेल शेजारी,
आणि हा रेघांपुढचंही वाचतो.

झोप की आता, आई म्हणाली.
किती झाल्या आज?

म्हटलं, एक.