बंबात शेणी

उद्यमनगरात दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस,
खाली दस्तगीर मिस्त्रींचं पॅटर्नचं दुकान.
त्यांचा रंधा चालला की माझ्या कीबोर्डवर
सागवानाचा बारीक भुसा बसतो.
ई आणि आर तर आता दाबूनच लिहावे लागतात.

माझ्या मशीनवर एसडीकेच्या सहा आवृत्त्या:
दोन पॉइंट एक, तीन पॉइंट एक, पाच, सहा, आठ,
आणि नऊ, प्रिव्ह्यू म्हणून,
कुणी बोलावली नव्हती,
एडिटरच्या अपडेटबरोबर आली
नवरीच्या गाडीत पाठराखीण येते तशी
आणि राहिलीच.

हुपरीच्या चांदीवाल्यांचं बिलिंग सहावर.
दूध संघाचं फॅटचं गणित आठवर.
साखर कारखान्याचा वजनकाटा दोन पॉइंट एकवर.
तो लिहिणारा महिपती आधी पुण्याला गेला,
मग कॅनडाला,
आता फक्त स्टेटसला बर्फ टाकतो.

दसऱ्याच्या साफसफाईत डिस्क लाल दिसली.
दोन पॉइंट एक: सपोर्ट कधीच संपलेला,
पॅच येत नाहीत, कुणी नावही काढत नाही.
उडवली.
खरं सांगते, हलकं वाटलं,
माळा आवरून पंख्याखाली बसल्यावर वाटतं तसं.

मग गळीत हंगाम. काट्यावरनं तुकाराम वडगावे:
"मॅडम, पावतीवर गाडीवानाचं नाव छापाय पायजे, आजच."
दोन ओळींचं काम.
मी बिल्ड म्हणाले,
आणि घरात एकाला हाक मारावी, भलत्यानंच ओ द्यावी,
तशी पाठराखीण उठली.
तिनं सगळं बांधून दिलं, वर हिरवी खूण.
काट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरला
तिची बोलीच कळेना.
सातला फोन आला तेव्हा ट्रॉल्या गेटबाहेर,
आठला पुलापर्यंत,
आणि मागून ट्रॅक्टरचे हॉर्न, प्रत्येकाचं गाणं वेगळं.

डाउनलोड सुरू केलं, जुन्या साठ्यातून, टिपूस टिपूस.
तेवढ्यात खाली उतरले.
मिस्त्री चहा ओतत होते. मागे भिंतभर फळ्या,
फळ्यांवर लाकडी चाकं, नळ्या, कोपर,
ऑइल इंजिनांचे भाग, ज्यांच्या कंपन्याही उरल्या नाहीत.
म्हटलं, टाकत का नाही हे?
"टाकलं हुतं की एकदा. म्हंजे जाळलं. हिवाळाभर बंबात.
मग आजऱ्याचा एकजण मोडकं चाक
बाजाराच्या पिशवीत घालून आला.
आज्ज्याचं इंजन हाय म्हणला.
तवापासनं बंबात नुसत्या शेणी."

मग त्यांनी दोन चाकं उतरवली, जुळ्यांसारखी.
"ह्यो बिडाचा पॅटर्न, ह्यो पितळंचा.
आकसतंय येगळं, म्हणून माप येगळं.
नुसत्या डोळ्यानं बघून उचलणारा फसतोय, ताई."
दोन्हींना तारेनं बांधलेली पत्र्याची चकती,
खिळ्यानं ठोकलेला आकडा.

वर आले. प्रत्येक फोल्डरात चार ओळींची एक फाइल:
इथं हीच आवृत्ती. दुसरीनं ओ द्यायची नाही.
वजनकाट्यात दोन पॉइंट एक,
चांदीत सहा, दुधात आठ.
साडेदहाला वडगाव्यांचा मेसेज: "सुटली लाईन."
खाली एक उसाचं चित्र.

डिस्क अजून लालच.
जागा शोधता शोधता एक फोल्डर सापडलं:
राजीनामा, राजीनामा दोन,
राजीनामा फायनल, फायनल खरा.
सगळे याच ऑफिसच्या पत्त्यावर, माझ्याच सहीचे.
जागा ती कितीशी घेणार.
राहू दिले.
चकती मात्र कुणालाच नाही अजून,
कुठला कुठल्या धातूसाठी,
लिहायचं राहिलंय.