बुधवार, शनिवार

गोळ्यांच्या यादीखाली डॉक्टरांनी लिहिलं :
मासे, आठवड्यातून दोनदा. मेंदूला बरं.
सोलापुरात समुद्र कुठला? उजनी आहे.
पहाटे टेम्पो येतो, बर्फाचं पाणी गाळत.
पारूबाई भोई मला पाहताच विचारते,
"अप्पांचं डोकं कसंय?"
आणि मरळ तराजूत टाकते.
महिनाअखेरीला चिलापी.
ती डोक्याला चालते का,
हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही.

अप्पांनी चाळीस वर्षं जेकार्डची कार्डं पाडली.
पुठ्ठ्याला भोकं पाडायची, बस.
जिथे भोक, तिथे धागा उचलतो,
चादरीवर मोर उमटतो.

आता भोकं पडतात आणि काहीच उमटत नाही :
आई गेली ते, गल्लीचं नाव, मी.
मला ते 'मास्तर' म्हणतात.
कारखान्यातला कुणी असावा.

काटे काढून मी घास ठेवायचो.
परवाच्या शनिवारी त्यांनी माझा हात सारला.
स्वतःच काढू लागले, एकेक, न मोडता,
ताटाच्या कडेला लावत गेले
सारख्या अंतराने,
मागावरची फणीच जशी.
ओकटी, रेंडू, मूडू...
सतरावर थांबले.
"एक तार तुटलीय."

मी ताटाखाली पाहिलं, सतरंजीवर,
त्यांच्या सदऱ्याच्या घडीत,
घाबरून त्यांच्या तोंडातही.
काटा सापडेना. भात निवून गेला.

"राहू दे, मास्तर," ते म्हणाले,
"बुधवारी जोडू."