बोया क्रमांक सतरा

पेन्रिनच्या खाडीत ओहोटी. होड्या
चिखलात कुशीवर लवंडलेल्या.
क्लबाची वही माझ्याकडे : कोणाची साखळी गंजली,
कोणाची वर्गणी थकली,
धक्क्याची कुठली फळी पाय देताच कुरकुरते.

सतराचा ट्रेगेंझा मार्चमध्ये गेला.
यादीत पुढचं नाव केरेन्साचं, सहा वर्षं थांबलेली.
खोडरबर शोधते.
वहीत पेन्सिलनंच लिहायचं, हे त्यानंच शिकवलेलं.

गमबूट चढवून बोयापाशी जाते.
दोराला अजून त्याचीच गाठ, मिठानं दगड झालेली.
दातांनी ओढली तेव्हा सुटली.
तोंडात खारट, थोडं डिझेल.

केरेन्सा विचारते, किती सैल ठेवू?
भरतीला पुरेल इतका, म्हणते,
पण अठराला धडकायला नको.

ती गाठ मारते. चुकीची.
असू दे,
पाणी यायला अजून तास आहे.