तिकिटाच्या मागे

मुलांसाठी आहे, सोपं लिहा, म्हणाले.
जन्म कुठे, शाळा कोणती, बक्षिसं किती.
जन्म जुन्या इंदुरातला, साल घरच्यांनाही नक्की नाही.
शाळा सातवीपर्यंत,
त्यातही चित्रकलेच्या तासाला वर्गाबाहेर उभे.
बक्षिसांची ओळ मी कोरी ठेवते.

सदोबा धायगुडे बसचे कंडक्टर होते.
गंगवाल अड्ड्यावरून देपालपूर, तिथून गौतमपुरा,
सकाळी एक फेरी, दुपारी एक.
शाईपेन्सिल जिभेला लावून तिकीट लिहायचे.
पोरं ओरडायची,
"जांभळी जीभ, जांभळी जीभ,
काका, माझं अर्धंच लिही!"
काका दाराच्या खुणेपाशी उभं करून
आधी उंची बघायचे.

रात्री बस झाडताना सीटखाली तिकिटं सापडत.
एक बाजू वापरलेली. दुसरी कोरी,
ती का वाया घालवायची?
तिथे उतरायचं दिवसभर पाहिलेलं:
कुणाच्या उंबऱ्यापुढचा चौक,
गेरूवर खडीने काढलेली बीजणी,
अंगणातून देव्हाऱ्याकडे निघालेली इवली पावलं.
बस थांबे तीन मिनिटं.
तेवढ्यात पाहून होईल तेवढं पाहायचं,
उरलेलं पुढच्या दिवाळीला.

एकदा अटाहेड्याला एका अंगणात असे गुंतले
की कुणा पोराने तोंडाने शिट्टी वाजवली
आणि इस्माईलभाईंनी गाडी सोडली.
शिट्टी कंडक्टरच्या गळ्यात, कंडक्टर अंगणात.
दहा दिवस बिनपगारी घरी बसा, असा हुकूम आला.
ते घरी बसले नाहीत,
रोज त्याच अंगणात जाऊन बसले.

धापूबाई म्हणाल्या, "बायांचं काम आहे, हसतील सगळ्या."
सगळ्या हसल्या.
मग खडीत बुडवलेली चिंधी त्यांच्या मुठीत दिली.
अनामिकेवरून धार सोडायची,
पट्टी नाही, पेन्सिल नाही, पुसणं तर नाहीच.
त्यांचा पहिला चौक असा झाला
की त्यावरून कोंबडी चालत गेली
तेव्हा जरा सुधारला.

पुढे अंगणांत सिमेंट आलं, मग फरशी.
फरशीवर गेरू धरत नाही.
बाजारात चिकटवायची पावलं मिळू लागली, पाच रुपयांना जोडी.
सदोबा निवृत्त झाले.
घरी बिस्किटांचे अकरा डबे, आत तिकिटंच तिकिटं.

चरित्र इथे संपवणार होते,
पण गेल्या वर्षी धापूबाईंची नातसून स्कूटीवरून आली.
नव्या घरापुढे तिने हातभर माती मुद्दाम सोडलीय.
"आमच्या दारचा चौक कसा होता
कुणाला आठवत नाही. तुमच्याकडे आहे?"

दुपार गेली. सातव्या डब्यात सापडला.
एका बाजूला अटाहेडा ते इंदूर, दोन रुपये दहा पैसे.
दुसऱ्या बाजूला चौक,
फक्त एक पाकळी अर्धी.
"ही का अर्धी?"
"इथे बस सुटली," सदोबा म्हणाले
आणि जीभ बाहेर काढून दाखवली.
अजून थोडी जांभळी आहे.
मी पाहिली.