बिनकंपनीची शाई

बोरा बाजारात दुसऱ्या माळ्यावर
कुतुबभाई शाई विकतात, लिटरवर.
तेलाच्या दुकानात असतं तसं नरसाळं,
बाटलीला नाव नाही, पेनाने लिहिलेलं नुसतं अक्षर,
आणि काळा दोन प्रकारचा:
एक चकचकीत कागदाचा, एक मॅटचा.
"पिगमेंट आहे, ताई. यात रंग विरघळत नाही,
दळलेला असतो. पिठासारखा.
म्हणून आधी बाटली हलवायची,
खोकल्याच्या औषधासारखी."

कंपनीच्या एका काडतुसात
माझ्या स्टुडिओचं महिन्याचं लाइट बिल भागतं.
तेही पोटात दोन चमचे शिल्लक ठेवून
'संपलो' म्हणतं.
वर नखाएवढी चिप,
तिला घरचं कोण, उपरं कोण, बरोबर कळतं.

मी सिरिंज घेते. हातमोजे फाटतातच.
मागच्या निवडणुकीत बूथवरच्या माणसाने
माझं काळं बोट धरून ठेवलं दोन मिनिटं,
"मॅडम, तुमचं झालंय की."

पहिले काही महिने नवरदेव
ट्यूबलाइटखाली हिरवट, दारात नेला की तांबूस.
तिरका धरला तर काळ्या कोटावर
घासायच्या राहिलेल्या पितळेची झाक.
मग भाच्याने नऊशे चौकोन छापून घेतले,
एकेक मोजला, मशीनला शिकवलं
की आपला हिरवा म्हणजे नक्की कुठला.
तेव्हापासून गिऱ्हाईक काही बोलत नाही.
मीही नाही.

शंभर वर्षं टिकते, कुतुबभाई म्हणतात.
कंपनीही तेच म्हणते.
शंभर वर्षांनी तक्रार घेऊन
कुठल्या काउंटरवर जायचं, ते दोघंही सांगत नाहीत.

म्हणून मी एक चेहरा निवडला.
पावती तीनशे बारा, अंकुश हडकर,
आठ बाय दहा, निम्मे पैसे जमा,
न्यायला आलेच नाहीत.
दोनदा छापले, दोन्ही शायांत.
प्रत्येकाच्या अर्ध्या तोंडावर पुठ्ठा
आणि ठाकूरद्वारच्या माझ्या पश्चिमेच्या खिडकीत
चिकटवून दिले, काचेला, चौदा महिने.
समोरून ऊन, फटीतून खारं वारं.
रोज शटर उघडताना
दोन अर्धे हडकर माझ्याकडे बघायचे.

पुठ्ठे काढले त्या दिवशी
कंपनीचे हडकर जवळजवळ जसेच्या तसे.
कुतुबभाईंच्या हडकरांचा पिवळा उडालेला,
उघडा गाल भाजल्यासारखा लाल,
नाकावरून सरळ रेघ.
पडला म्हणायचं. काळा तेवढा पास.

त्याच आठवड्यात, मुद्दाम ठरवल्यासारखी,
एक मुलगी पावती घेऊन आली.
"बाबांच्या पाकिटात होती."
पावतीवरचं बॉलपेन अजून निळंशार.
मी म्हटलं, बस, दहा मिनिटांत नवा काढून देते,
चांगल्या शाईत.
ती टेबलावरचे दोघे बघत होती.
कुठला कशाचा, मी खरं सांगितलं,
किती महिने, किती ऊन, कोण टिकलं.

तिने रेघेवाला उचलला.
"टँकर चालवायचे. पाण्याचा. अठ्ठावीस वर्षं.
खिडकीकडचा गाल असाच होता त्यांचा.
दाढी केली की आई म्हणायची,
दोन माणसं जेवायला बसलीत."

मला काही सुचलं नाही,
म्हणून फ्रेमचे भाव सांगितले.
तिने नुसता पाकिटात मागितला.
उरलेले दीडशे मोजून दिले, मी घेतले.
मागे पेन्सिलीने लिहिलं:
शाई बोरा बाजारची, ऊन इथलं.
आणखी उडेल. उन्हात लावू नये.
शेवटचं वाक्य वाचून ती
माझ्याकडे बघून जराशी हसली.

रात्री नोझल-चेक काढला.
पिवळ्यात एक रेघ तुटलेली.
बाटली घेतली,
हलवत बसले.