कॉटेज नंबर दोन, तिघरा

मुलानं बंगळूरहून फोनवरच बुकिंग केलं:
एक रात्र, दोन माणसं, नाश्ता धरून.
लष्करातून निघालो ते तासाभरात पोचलो.
इतकं जवळ, आणि साठ वर्षांत
मी एकदाही आले नव्हते.

फाटकाशी रामहेत. कानटोपी, किल्ल्यांचा जुडगा.
"गीजर खराब है, बाल्टी भेज देंगे."
पाटीवरच्या मगरीकडे मी बघत राहिले तर म्हणाला,
"जे कछू नईं करत, घाम में परी रहत."
घाम म्हणजे त्यांच्याकडे ऊन.

दोन खोल्या, पुढे व्हरांडा,
कुठल्याशा कचेरीतून उरलेला हिरवा रंग.
एक प्लग चालणारा, एक नुसता दिसणारा.
रजईला डांबरगोळीचा वास,
भिंतीवर एक वाघ, त्याचा इथे काही संबंध नाही.
ह्यांनी पलंग दाबून पाहिला,
"पाच मिनिटं" म्हणाले, आणि घोरू लागले.

मी व्हरांड्यात.
समोर पाणी.

आमच्या घरी हा तलाव म्हणजे एक आकडा होता.
बाबा खात्याच्या जीपनं जात, पट्टी वाचत,
वहीत लिहीत, आणि रात्री पहिल्या घासाआधी सांगत:
"सातशे एकतीस."
की आईचा हिशेब सुरू.
एकतीस, म्हणजे चादरी पुढच्या आठवड्यात.
सव्वीस, म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला,
आणि पाहुण्यांना "राहा ना" म्हणायचं,
पण जरा हळू आवाजात.
एका वर्षी सातशे चाळीस झालं, दरवाजे उघडले,
बाबा पाव किलो इमरती घेऊन आले,
आणि कुणाचा तरी वाढदिवस असावा
तशी आम्ही ती खाल्ली.

पहाटे चारला जिन्यातून हाक यायची, "नळ आले गं!"
मग हंडे, कळशा, पातेली, दुधाचं भांडंसुद्धा.
मला ठाऊक होतं ते पाणी एवढंच,
बादलीच्या आकाराचं.

त्याला पलीकडचा काठ असतो,
तिथं म्हशी उतरतात आणि
त्यांची नुसती डोकी उरतात,
वारा आला की ते एका बाजूनं उजळत येतं,
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
आणि ही हंसासारखी पाखरं, शेकड्यांनी,
मानेच्या वर दोन काळ्या रेघा,
हिशेबात चुकलं की मारतात तशा.

बाबांनी हे सगळं एकतीस वर्षं पाहिलं,
आणि घरी आणला फक्त आकडा.
लपवलं?
की त्या डब्यात मावत नव्हतं?
आता विचारायला
पलीकडे कुणी नाही.

दिवेलागणीला रामहेतनं रजिस्टर आणलं.
नाव, वय, पत्ता, आने का उद्देश्य.
वरच्या सगळ्या ओळींत: भ्रमण, भ्रमण, भ्रमण.
एकानं "हनीमून" लिहून खोडलं होतं.
मी रकाना कोराच सोडला.
त्यानं वही फिरवून घेतली, पेनाचं टोक जिभेला लावलं,
आणि माझ्या नावापुढं लिहिलं: भ्रमण.

"पट्टी कुठंय?" मी विचारलं.
"पट्टी? अब तो मशीन बताती है."
तरी टॉर्च घेऊन पुढं झाला.
दगडावर रंग उडालेले आकडे,
खालचे पाण्यात,
एक अर्धा बुडालेला, अर्धा माझ्याकडे बघणारा.
मी चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

जेवायला दुधी, अंड्याची भुर्जी, जाड पोळ्या.
पहिला घास हातातच धरून मी म्हटलं,
"सातशे तेहेतीस."
"काय?"
"काही नाही. चादरी धुवायला हरकत नाही."
हे माझ्याकडे बघत राहिले, मग दुधीकडे.
"गरम पाण्याची बादली," ते म्हणाले,
"सकाळी किती वाजता येणार, विचारलंस का?"